पंधरा मिनिटांची घरं

“माय डॅड इज इन डिझाइन,” भिंतीपलीकडून अवनीचा आवाज आला, आणि सदानंदने हातातला पाण्याचा ग्लास आवाज न होऊ देता टीपॉयवर ठेवला. संध्याकाळचे सहा वाजून सात मिनिटं झाली होती. जुलैचा शेवटचा शनिवार. अजमानमधल्या सातव्या मजल्यावरच्या त्या घरातले दोन्ही एसी बंद होते. ते खिडकीत बसवलेले, जुने, ट्रॅक्टरसारखे घरघरणारे एसी होते, आणि ती घरघर लॅपटॉपमधून थेट अमेरिकेत ऐकू जाते असं अवनीचं म्हणणं होतं. तिने दुपारीच सगळ्या सूचना दिल्या होत्या. मिक्सर नाही, फ्लश नाही, फोनवर बोलणं नाही, कुकर तर नाहीच. “आणि मी काय करायचं?” त्याने विचारलं होतं. “बाबा, तू जस्ट सोफा हो,” ती म्हणाली होती. म्हणून तो लेंगा-बनियनवर सोफ्याचा एक भाग होऊन बसला होता. घाम मानेवरून पाठीत उतरत होता आणि तो पुसण्यासाठी हलावं की नाही याचा विचार करत असतानाच ते वाक्य आलं. वाक्यापेक्षाही आवाज. गोड, वरच्या पट्टीतला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी थोडा वर चढणारा. अठरा वर्षांत तो आवाज त्याने या घरात ऐकला नव्हता.

डिझाइनमध्ये. त्याने ते मनात उलटून पाहिलं, फॅक्टरीत टाइल उलटून पाहतात तसं. अगदी खोटं नव्हतं. रास अल खैमाच्या सिरॅमिक कारखान्यात तो क्वालिटीचा प्रमुख होता, आणि टाइलवर डिझाइन असतंच. रोज पहाटे पाचला निघून ऐंशी किलोमीटर, परत येताना तेच ऐंशी, चोवीस वर्षं. लाइनच्या शेवटी पांढऱ्याफटक ट्यूबलाइटखाली बसलेली माणसं समोरून सरकणाऱ्या टाइलकडे क्षणभर पाहतात आणि खडूची एक रेघ ओढतात किंवा ओढत नाहीत. रेघेवरून मशीन ठरवतं, पहिला दर्जा, दुसरा, तिसरा. त्या माणसांना शिकवणं, त्यांच्या चुका पकडणं आणि कुठलीही शंका आली की टाइल हातावर तोलून बोटाच्या पेराने वाजवून पाहणं, हे सदानंदचं काम. आतून तडकलेली टाइल दिसत नाही, पण बद्द वाजते. हे सगळं ‘डिझाइन’मध्ये बसवायला जागा होती. तरी उजवा हात आपोआप गळ्याशी गेला, कॉलरचं बटण लावायला. बनियनला कॉलर नव्हती.

हे सगळं सुरू झालं ते दुबईतल्या एका हॉटेलच्या तळमजल्यावर, मागच्या ऑक्टोबरात. परदेशी विद्यापीठांचा मेळा होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका सरकारी विद्यापीठाच्या टेबलामागे निळ्या कोटातली एक बाई उभी होती. तिने अगदी मोकळेपणाने सांगितलं, की त्यांच्या राज्यातली मुलं आता पुरत नाहीत, निम्म्याहून जास्त विद्यार्थी बाहेरच्या राज्यांतून येतात, आता विद्यापीठाची माणसं बाहेरच्या देशांतही फिरतायत, आणि बारावीच्या मार्कांवर फीमध्ये मोठी सूट मिळेल. मग तिने टॅबवर एक व्हिडिओ लावला. पांढरे उंच खांब असलेलं एक घर आणि त्याच्या पायऱ्यांवर एकाच रंगाचे कपडे घालून उड्या मारणाऱ्या पन्नास-साठ मुली. सॉरॉरिटी, ती म्हणाली. मुलींची मंडळं. प्रत्येकीचं स्वतःचं घर. दर वर्षी नव्या मुली निवडून घेतात, आणि एवढ्यासाठी म्हणून देशभरातून मुली आमच्याकडे येतात. छायाने सदानंदचा दंड धरला. “अहो, ऐका ना. मुलींचंच आहे. मुलांना वर जायला बंदी. हाउस मदर असते म्हणे, म्हणजे आपली रेक्टर.” आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत नाही, शारजातल्या डेंटल क्लिनिकच्या रिसेप्शनवर वर्षानुवर्षं घासलेल्या इंग्रजीत तिने त्या बाईला विचारलं, की मग मेसची वेळ काय, आणि रात्री गेट किती वाजता बंद होतं. बाई हसली आणि म्हणाली, जेवण घरातच असतं, स्वयंपाकी असतो. छायाचं काम तिथेच झालं. सदानंदचंही. बारा हजार किलोमीटरवर एकुलती एक मुलगी पाठवायची तर तिथे लेडीज होस्टेल आहे, रेक्टर आहे आणि गरम जेवण आहे, याहून जास्त काय हवं? अवनीला तेव्हा त्या मुलींचं काही पडलं नव्हतं. “इट्स सो क्रिंज, मम्मा,” ती गाडीत म्हणाली होती. दोघांनी मिळून महिनाभर तिला पटवलं. नाव घाल, नाव घालायला काय जातं. तिने घातलं. आणि मग काय झालं ते त्या दोघांना कळायच्या आत ती फोनवर त्या घरांचे व्हिडिओ पाहू लागली, कुठल्या दिवशी कसला ड्रेस, कुठल्या घराची मुलगी कशी हसते. जानेवारीपर्यंत तिला पांढऱ्या खांबांचं तेच घर हवं होतं, दुसरं कुठलंही नाही.

ही होस्टेल्स नाहीत, हे सदानंदला मे महिन्यात कळलं. अवनीचा फोन चार्जिंगला लावताना त्यावर एक पान उघडं होतं, नाव न सांगता लिहिणाऱ्यांचं. पुढे आठवडाभर तो ते कारखान्याच्या कँटीनमध्ये वाचत बसला. घरांची यादी होती. वरची, मधली, खालची. त्यांची नावं ग्रीक अक्षरांची. ही अक्षरं त्याच्या रोजच्या ओळखीची होती. पाचशे त्र्याहत्तर अंशांना भट्टीतलं क्वार्ट्झ अल्फाचं बीटा होतं आणि थंड होताना उलटं, आणि तिथे घाई केली तर टाइलला केसाएवढी चीर जाते. पण इथे ती अक्षरं मुलींच्या अंगावर चिकटवलेली होती. या घराच्या मुली सुंदर, त्या घराच्या गोड पण जाड, तिसऱ्या घरात कोण जातं, ज्यांना कोणी घेत नाही त्या. प्रत्येक वाक्य ‘पण’पाशी येऊन थांबत होतं. क्वालिटीचा माणूस म्हणून त्याला राग आला तो आधी पद्धतीचा. निकष काय? कोणी पाहिलं? किती नमुन्यांवरून? असा रिपोर्ट झैदने, म्हणजे त्याच्या हाताखालच्या सुपरवायझरने, आणून दिला असता तर त्याने परत केला असता. मग शेवटून तिसऱ्या ओळीत त्याला दिसलं. ‘या वर्षी दुबईहून एक येतेय म्हणे. तेलवाली असणार. सगळी घरं तिच्या मागे लागतील.’ तो कँटीनमध्ये एकटाच मोठ्याने हसला. त्याच्या घरात तेल म्हणजे शेंगदाण्याचा पाच लिटरचा डबा, तोही ऑफर असली तर. पण हसणं संपल्यावर त्याने ती ओळ पुन्हा वाचली. त्या मुली एका मुलीची वाट पाहत होत्या, जी नव्हती. आणि जी होती ती तिची जागा घ्यायला निघाली होती. घेतलं तर त्या नसलेल्या मुलीला घेणार, आणि नाही घेतलं तर नाकारणार हिला. हे त्याने छायाला सांगितलं नाही. अवनीलाही नाही.

फॉर्मवर गावाचं नाव अवनीने दुबई लिहिलं होतं. त्याने ते पाहिलं होतं आणि काही बोलला नव्हता. बोलणार काय? सांगलीला फोन लागला की तो स्वतः काय म्हणतो? “आम्ही दुबईला असतो.” अजमान म्हटलं की पुढे पाच वाक्यं लागतात. दुबई म्हटलं की काम होतं. हे ती त्याच्याच तोंडून शिकली होती, अगदी बोलायला लागल्यापासून.

दाराची बेल वाजली. तो जवळजवळ धावलाच, अनवाणी, टाचा न टेकवता. दारात हव्वाबी उभ्या होत्या, खालच्या मजल्यावरच्या, दापोलीच्या, हातात झाकलेली ताटली. “शेरी तळलीय, गरम हाय,” त्या म्हणाल्या आणि त्याच्याकडे पाहून थांबल्या. “लाइट गेली काय हो भाऊ? केवढा घाम!” त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीकडे खूण केली. “इंटरव्ह्यू,” तो कुजबुजला. “कसला?” “कॉलेजातल्या मुलींचा. त्या हिला बघतायत.” हव्वाबींनी भुवया उंचावल्या. “पोरीच पोरीला बघतात? मग पोहे कोण देनार?” असं म्हणून स्वतःच तोंडावर पदर धरून हसल्या, ताटली त्याच्या हातात दिली आणि तितक्याच हलक्या पावलांनी, जणू आत कोणी बाळंतीण झोपलीय, लिफ्टकडे गेल्या. जाता जाता मागे वळून हळूच म्हणाल्या, “घेतील हो. आपली अवनी चांगली हाय.” मासळीचा वास घरभर पसरला. वास तरी लॅपटॉपमधून जात नाही, असं त्याला वाटलं.

बघायला येणं. तो परत सोफ्यावर बसला. त्यालाही एकदा बघितलं होतं, लग्नाच्या फार आधी. एकोणीसशे नव्वद, कोल्हापूर, समाजाच्या बोर्डिंगचं ऑफिस. लांबलचक टेबल, त्यामागे पाच ट्रस्टी, भिंतीवर देणगीदारांचे फोटो. अकरावीला बोर्डिंगात जागा मिळाली तर शिक्षण, नाही तर परत. कोल्हापुरात अशी बरीच बोर्डिंगं होती आणि प्रत्येकाची वेगळी ख्याती. इथली मुलं डॉक्टर होतात, तिथली तालमीत जातात, अमक्या बोर्डिंगात फक्त बड्यांची शिफारस चालते. या बोर्डिंगाची ख्याती शिस्तीची. पहाटे प्रार्थना, सिनेमा पाहताना सापडला तर त्याच दिवशी नाव कमी. टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर तो, एकीवर अण्णा, त्याचे वडील. “वडील काय करतात?” मधल्या ट्रस्टींनी विचारलं, आणि वडील शेजारीच बसलेले असताना प्रश्न त्याला विचारला. अण्णा जतच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. प्रोजेक्टर चालवायचे. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये ठिणगी धरून दिवसातून तीन खेळ. बोटांची टोकं कायमची काळी. सदानंदने त्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाला, “वीज मंडळात आहेत.” कोणाला खोटं वाटण्यासारखं नव्हतं. पण एका ट्रस्टींनी चष्म्यावरून पाहत विचारलं, “कुठल्या सबस्टेशनला?” आणि सदानंदला एकाही सबस्टेशनचं नाव माहीत नव्हतं. तेव्हा अण्णा खुर्चीत थोडे पुढे सरकले आणि शांतपणे म्हणाले, “जतलाच हाय मी. लाइनवर.” बस. परतीच्या एसटीची वाट पाहताना दोघांनी भाजलेल्या शेंगा खाल्ल्या. गाडी लागल्यावर चढताना अण्णा एवढंच म्हणाले, “वीज मंडळाला पेन्शन असती म्हनं.”

तेवढ्यावर भागलं असतं तर तो ते विसरलाही असता. पण त्यानंतरची पाच वर्षं अण्णा बोर्डिंगात भेटायला येत ते खाकी शर्ट घालून. तो शर्ट त्यांनी कुठून आणला ते सदानंदने कधी विचारलं नाही. खिशाला टेस्टर. आणि बोर्डिंगचे सुपरिंटेंडेंट त्यांची वाट पाहत असत. जिन्यातला दिवा लागत नाही, प्रार्थना हॉलचा पंखा अडकतो, मेसमधला फ्यूज सारखा उडतो. “आलात का, बरं झालं,” असं म्हणून ते त्यांना कामाला लावत. अण्णा स्टुलावर चढत. सदानंद स्टूल धरून उभा राही. त्याच्या तोंडासमोर अण्णांच्या पोटऱ्या असत आणि वरून त्यांचा आवाज येई, “मेन बंद केलायस न्हवं?” “केलाय, अण्णा.” सगळं दुरुस्त होई. चहा येई. अण्णा बशीत ओतून चहा पीत आणि सुपरिंटेंडेंट मुलांना सांगत, याला म्हणतात कसबी माणूस. बापाला सरळ नाकारण्यापेक्षा ते वाईट होतं. बापाने स्वतःला नाकारू दिलं नव्हतं, मुलाचं खोटं आपल्या अंगावर घेऊन पाच वर्षं, विनातक्रार, स्टुलावर चढून दाखवलं होतं. अण्णा गेले त्यालाही आता सोळा वर्षं झाली. छायाला सदानंदने लग्नाआधीच सांगितलं होतं, वडील वीज मंडळात होते. अवनीला तेच माहीत होतं. खोटं इतकं जुनं झालं होतं की त्याला हात लावायचं कारण उरलं नव्हतं.

आतलं दार उघडलं. अवनी बाहेर आली, वर फिक्या गुलाबी रंगाचा ब्लाउज, खाली घरातली ढगळ पँट. कपाळावर घाम, त्यावर पावडर. “वन डन,” ती म्हणाली. “ते खालचंवालं हाउस होतं. बट दे वेअर सो स्वीट.”

“पाणी पी.”

“बाबा, तू ऐकलंस? डिझाइनचं?”

“सोफ्याला कान नसतात.”

ती हसली नाही. पाण्याचा घोट घेऊन ग्लासकडेच पाहत राहिली. “मला माहीत नव्हतं काय म्हणायचं. क्वालिटी कंट्रोल साउंड्स लाइक, आय डोन्ट नो. मला वाटलं तू रागावशील.”

“मी कशाला रागावू?” तो म्हणाला. आणि खरंच रागावला नव्हता. मे महिन्यात वाचलेलं सगळं तिला आत्ताच सांगून टाकावंसं वाटलं, त्या तेलवाल्या मुलीसकट. पुढचा कॉल पांढऱ्या खांबांच्या घराचा होता, साडेसहाला. पंधरा मिनिटं. असे आज पाच. उद्या सकाळी यादी येणार, कोणी ठेवलं, कोणी सोडलं. बाहेरच्या राज्यांतल्या मुलींची पहिली फेरी अशी पडद्यावर, पुढच्या तिथे गेल्यावर. फोन थरथरला. छायाचा मेसेज होता, क्लिनिकमधून. ‘झालं का? देवासमोर दिवा लावा. आणि तिला सांगा सरळ बस.’ त्याने तो अवनीला दाखवला. ती आता हसली. “यल्ला, चल,” असं स्वतःलाच म्हणून ती आत गेली आणि दार लागलं.

साडेसहाला आत खूप आवाज झाला. किंचाळी म्हणावी इतका. पलीकडे दोन मुली असाव्यात. ओ माय गॉश, दुबई! अवनी हसली, तोच वर चढणारा आवाज. मग तिथल्या उन्हाळ्याबद्दल, मग उंटांबद्दल, मग सोन्याबद्दल. सदानंद प्रत्येक शब्द ऐकत होता आणि त्याला जाणवलं की तो मान हलवतोय, बरोबर, बरोबर, जशी तो टाइलच्या लाइनवर नव्या माणसाच्या मागे उभा राहून हलवतो. आणि मग त्यांपैकी एक म्हणाली, “वेट, तुझ्या खिडकीतून तो टॉवर दिसतो का? तो खूप उंचवाला? दाखव ना! प्लीज, लॅपटॉप फिरव ना!”

आत शांत झालं.

अवनीच्या खिडकीतून काय दिसतं ते सदानंदला पाठ होतं. समोरच्या इमारतीच्या पाठीमागच्या बाल्कन्या, त्यांत वाळत घातलेले कपडे आणि सायकली. खाली गाड्या धुण्याचं दुकान. मशिदीचा एक मिनार. दोन इमारतींच्या फटीतून हाताच्या पंजाएवढी खाडी. ती शांतता तीन सेकंद टिकली असेल, चार. त्या चार सेकंदांत तो उठला होता आणि बाहेरच्या दाराशेजारच्या स्विचबोर्डपाशी पोचला होता. त्याने पत्र्याचं झाकण उघडलं. मेन स्विच. एक बोट. वीज गेली, नेट गेलं, पडदा काळा, संपलं. मग तिने ईमेल लिहायची, सॉरी, पॉवर गेली, आणि त्या म्हणणार ओ नो, आणि पुन्हा वेळ देणार, आणि तोपर्यंत काहीतरी सुचेल. दुबईत वीज जात नाही, पण त्यांना काय माहीत. त्याचं बोट स्विचवर टेकलं होतं. त्याला नवल वाटलं की बोट अजिबात कापत नव्हतं. मुलासाठी खोटं बोलताना हात इतका स्थिर असतो, हे त्याला आजवर फक्त खालून, स्टूल धरून, दिसलं होतं.

“अॅक्चुअली,” आतून अवनी म्हणाली, आणि आवाज एकदम खाली आला. घरातला. “अॅक्चुअली आय डोन्ट लिव्ह इन दुबई. अजमान नावाची जागा आहे. छोटी आहे. दुबई चाळीस मिनिटं, ट्रॅफिक असलं तर दोन तास. टॉवर नाही दिसत. काय दिसतं ते दाखवू?”

त्याने बोट उचललं नाही. आत खुर्ची सरकली, खिडकीचा पडदा ओढल्याचा आवाज आला. हे कपडे, हे कार वॉश, हा मॉस्क. तो छोटासा निळा तुकडा, दॅट्स द सी, आय प्रॉमिस. पलीकडून हसू आलं. कसलं, ते भिंतीतून कळेना. मग दार उघडलं आणि अवनी लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून हॉलमध्ये आली. “अँड दिस इज द हॉल, अँड दॅट्स,” ती म्हणाली आणि थांबली. बनियनवरचा सदानंद, स्विचबोर्डचं उघडं झाकण, मेनवर बोट. लपायला वेळ नव्हता. “दॅट्स माय डॅड.”

“हाय, अवनीज डॅड!” पडद्यावरून दोन आवाज आले. “काय करताय?”

सदानंदने अवनीकडे पाहिलं. तिने बोटाकडे पाहिलं, मग झाकणाकडे, मग त्याच्या तोंडाकडे. तिला कळलं. ते त्याला तिच्या नाकपुड्यांवरून समजलं, लहानपणी रडू येण्याआधी व्हायच्या तशा झाल्या. “चेकिंग,” तो म्हणाला. “जस्ट चेकिंग.”

“ही चेक्स थिंग्ज,” अवनी पडद्याला म्हणाली. “दॅट्स हिज जॉब. टाइल्स वाजवून सांगतो तो, आतून तुटलीय की नाही. डिझाइन नाही. पहिल्या हाउसला मी चुकीचं सांगितलं.” आणि मग वेळ संपल्याची घंटी वाजली आणि त्या दोन मुली वाक्याच्या मध्येच नाहीशा झाल्या.

सदानंदने स्विचबोर्डाचं झाकण लावलं आणि हॉलमधला एसी सुरू केला. पुढच्या कॉलला पंधरा मिनिटं होती. “तू मेन बंद करणार होतास,” ती म्हणाली.

“हो.”

“माझ्या इंटरव्ह्यूच्या मध्ये.”

“तुला वाचवायला.”

“बाबा, दॅट्स इन्सेन.” ती सोफ्यावर बसली, त्याच्या जागेवर. “त्या हाउसचं खलास झालं बहुतेक. शेवटी दोघी नुसत्या हसत होत्या.” तिने डोळे ब्लाउजला न लावता मनगटाने पुसले. “आजोबा वीज मंडळात होते ना. म्हणून तुला हेच सुचलं.”

“नव्हते,” सदानंद म्हणाला. त्याने ठरवलं नव्हतं. तिच्या खाली आलेल्या आवाजापुढे दुसरं काही बोलणं त्याला जमलं नाही. “वीज मंडळात नव्हते. टॉकीजमध्ये होते. सिनेमाचं मशीन चालवायचे.” आणि मग एसीच्या घरघरीत, आठ मिनिटांत, त्याने तिला ते सांगितलं. टेबल, पाच ट्रस्टी, शेंगा, खाकी शर्ट, स्टूल. जे छायाला माहीत नव्हतं ते. अवनी मध्ये एकदाच बोलली, “तुझ्या बाजूलाच बसले होते?” तो म्हणाला, हो. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, आणि ते पाहून तो जरा धास्तावला.

“बाबा, प्रोजेक्शनिस्ट! दॅट्स सो मच कूलर. का लपवायचं? हे मी पुढच्या हाउसला सांगू?”

जे त्याने पस्तीस वर्षं झाकून ठेवलं ते तिकडे कदाचित पहिल्या दर्जाचं ठरेल. किंचाळतील, ओ माय गॉश म्हणतील, अण्णांची काळी बोटं पंधरा मिनिटांत आवडून घेतील. यात वाईट काय, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. “नको,” तो म्हणाला. “कोणी घ्यावं म्हणून नको सांगूस. तुझ्याकडे असू दे.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. “ओके,” ती म्हणाली. मग उठली. “शर्ट घाल. आणि आत येऊन बस. फ्रेममध्ये नाही, बेडवर. बोलायचं नाही.”

सात वाजताच्या घराचं नाव त्या यादीत मधल्या भागात होतं, त्याला आठवत होतं. पडद्यावर एकच मुलगी होती, जाड भिंगांचा चष्मा, केस घाईत बांधलेले. तिकडे सकाळचे दहा वाजले होते. तिने कागदावरचे प्रश्न एकामागून एक विचारले, हसत, दमलेल्या आवाजात. कुठून आलीस? अवनीने अजमान सांगितलं, आणि त्यापुढची पाचही वाक्यं. सदानंद बेडच्या कडेला, निळ्या शर्टात, हात मांडीवर ठेवून बसला होता. “तुझ्या फॅमिलीबद्दल असं काही सांग,” मुलगी म्हणाली, “जे सहसा कोणाला माहीत नसतं.”

अवनीने लॅपटॉपवरून त्याच्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. त्याने मान हलवली नाही, हो अशीही नाही आणि नाही अशीही नाही. “देअर इज समथिंग,” ती म्हणाली. “पण ते मी नाही सांगणार. आजच कळलंय मला.” मग थोडी थांबून तिने विचारलं, “व्हॉट अबाउट यू? तुझी फॅमिली?”

ती मुलगी कागदाकडे पाहत राहिली. हा प्रश्न तिच्या कागदावर नसावा. तिच्यामागे कुठेतरी एक दार आपटलं, कोणीतरी जिन्यावरून हसत उतरलं. “पूर्ण आठवडाभर मला हे कोणी विचारलं नाही,” ती म्हणाली. तिने चष्मा काढला, डोळे चोळले आणि सांगायला लागली. हळू, खालच्या आवाजात. तिचे उच्चार सदानंदला नीट कळत नव्हते. कोपऱ्यातल्या आकड्यांवर सहा मिनिटं उरली होती. अवनीने खुर्ची पुढे ओढली आणि ती पडद्याच्या अगदी जवळ जाऊन ऐकू लागली.